तोंडदेखलं ‘नको’

आमच्याकडे ‘नको’ म्हणण्याचं वळण फार. कुणाकडे गेलं, चहा पुढे आला, की आधी नको. तोंडाला पाणी सुटलेलं असलं तरी दुसऱ्या पुरणपोळीला नको. घरच्यांनी आग्रह करायचा, आपण ताटावर हात आडवा धरायचा, आणि शेवटी ‘बरं, अर्धीच’ म्हणत अख्खी खायची. यात मी पटाईत. आष्ट्याला, सासुरवाडीत, ‘जावई लय भिडस्त हायत’ असं म्हणतात. भिडस्त! कप्पाळ माझं!

दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. साताऱ्याच्या शाळेत मी शिक्षक. दिवसाआड डायलिसिसला जायचं आणि उरलेल्या दिवशी वर्गात खुर्चीला टेकून शिकवायचं, असं चाललं होतं. घरातल्या कुणी एक किडनी दिली तर सुटाल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तडक गावी वडिलांकडे गेलो. ते पासष्टीचे, पण ठणठणीत. उसाला पाणी अजून स्वतः पाजतात. माझं ऐकून ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले.

मग म्हणाले, “मला भ्या वाटतंय रं. कापाकापीचं लय भ्या वाटतंय.”

आणि मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, “अजून किती वर्षं जगायचंय तुम्हाला?” जीभ झडली कशी नाही माझी! मी चहा न घेताच निघालो.

घरी येऊन सगळं तणतणत बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, “मग माझी घ्या की.”

बावीस वर्षांचा संसार. दुसऱ्या पोळीला तीनदा नको म्हणणारा मी. तिला म्हणालो काय, तर, “तुझा रक्तगट कोणता?”

मिरजेला ऑपरेशन झालं. दोघांचंही नीट पार पडलं. वडील रोज बाहेरच्या बाकावर येऊन बसायचे, आणि मी त्यांना आत बोलावलं नाही.

यंदा एकदा मोकळ्या तासाला सातवीच्या मुलांना गोष्ट सांगत होतो. ग्रीकांच्या पुराणातला एक राजा. त्याचं नाव घेताना माझी बोबडी वळते, म्हणून नुसता राजाच म्हणालो. त्याचं मरण जवळ आलं, तेव्हा देवाने सवलत दिली: तुझ्याऐवजी कुणी मरायला तयार झालं तर तू जगशील. राजा म्हाताऱ्या बापाकडे गेला. बाप नाही म्हणाला, तर राजाने त्याला नाही नाही ते सुनावलं. शेवटी राणी तयार झाली आणि मेली. राजा धाय मोकलून रडला. पुढे एका पराक्रमी पाहुण्याने तिला मृत्यूशी झुंजून परत आणलं, पण तीन दिवस ती राजाशी अक्षर बोलली नाही. खरं सांगतो, इथवर येईपर्यंत माझ्या डोक्यात काहीही आलं नव्हतं. पुस्तकातली गोष्ट, मी रंगवून सांगत होतो.

दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. “सर, राणी तयार झाली तवा राजा नको म्हणाला का न्हाई?”

“रडला की तो,” मी म्हणालो.

“ते रडला वो. पण नको म्हणाला का?”

“नाही.”

“शी!” ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. मी फळ्याकडे वळलो आणि कोराच फळा पुसत राहिलो. कानशिलं नुसती तापली होती.

संध्याकाळी जेवताना बायकोला ही गोष्ट सांगितली. वर हसायचाही प्रयत्न केला. ती हसली नाही.

“राजा निदान रडला तरी,” ती म्हणाली. “तुम्ही रक्तगट विचारलात.”

माझा घास तोंडातच राहिला.

“मी दिलीच असती हो. पण एकदा तोंडदेखलं तरी नको म्हणायचंत.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो. दोन वर्षांनी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डबा पुढे ओढून ती म्हणाली, “अजून एक पोळी वाढू?”

सवयीने तोंडातून गेलं, “नको.”

तिने आग्रह केला नाही. डब्याचं झाकण लावलं आणि माझ्या गोळ्या तांब्याशेजारी ठेवल्या.