चांदणी आणि चौसष्ट ठोके

घोडा आणि नियमांचं पुस्तक एका गावात आले की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही, ते आपोआप साठत जातात. हिंगोलीच्या आसपासचे आम्ही पाच-सहा घोडेवाले दर रविवारी नरसी नामदेवच्या रस्त्याला भेटतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीचं, म्हणजे एंड्युरन्सचं, वेड आम्हाला लागलं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांचं पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून कुणीही बाद झालं की शिव्या मला!

*

पहिलाच नियम वाचून दाखवला. पहिला आला म्हणून जिंकला असं नाही. घोडा धडधाकट पोचला असं डॉक्टरनं सांगितलं तरच नंबर.

गोरेगावचे शेषराव बुचकळ्यात पडले. "म्हंजे पळायचं घोडीनं अन् परीक्षा बी घोडीचीच? मग माझं काय काम?"

शिंदे मॅडम आमच्या गटातल्या जनावरांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "तिला आवरायचं!"

शेषरावांची घोडी चांदणी. लग्नसराईत तिच्यासारखी नाचणारी घोडी तालुक्यात नाही. पण "नाचाची घोडी काय शर्यत पळणार?" असं लोक तोंडावर म्हणायचे आणि शेषरावांना ते फार लागायचं. चांदणीनं एकदा तरी पुरा पल्ला पास होऊन दाखवावा, एवढंच त्यांना हवं होतं.

*

दुसरा नियम वजनाचा. स्वार आणि खोगीर मिळून ठरलेलं वजन भरलंच पाहिजे. बँकेतले खिल्लारे अंगानं काडी. कमी पडणारं वजन खोगिराच्या पिशव्यांत भरायचं ठरलं. मी वाळू सुचवली. खिल्लारेंनी जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून हरभरा आणला. "वाळू वाहून काय फायदा? हे नंतर कामाला तरी येईल!"

मधल्या विश्रांतीत खोगीर उतरवून खाली ठेवलं आणि खिल्लारे चहाला गेले. शेवटी काट्यावर उभे राहिले तर वजन कमी! घोडा शेजारी ओठ चाटत उभा होता. खिल्लारे बाद झाले. मॅडमनी घोड्याचं पोट तपासलं आणि खिल्लारेंना झापलं.

*

तिसरा नियम ठोक्यांचा. पोचल्यावर ठरलेल्या वेळात घोड्याच्या छातीचे ठोके मिनिटाला चौसष्टवर आले पाहिजेत. म्हणून जाणकार स्वार शेवटचा टप्पा सावकाश येतात.

पण वरात मांडवापुढं थाटात आणायची, हा शेषरावांचा जन्माचा धंदा. पहिल्या स्पर्धेत लांबून शेवटच्या रेषेचा मांडव दिसला आणि त्यांनी चांदणीला टाच मारली. धुरळा उडाला, टाळ्या पडल्या, ठोके मात्र उतरेनात. पाणी ओतलं, सावलीत धरली. बाद!

"नाचाचीच घोडी शेवटी," गर्दीत कुणीतरी म्हणालं. त्यानंतर कितीतरी रविवार शेषराव आलेच नाहीत. आम्हालाही करमेना.

*

पुढची स्पर्धा औंढ्याच्या बाजूला होती. त्याच दिवशी, त्याच रस्त्याला, मंगल कार्यालयात लग्न. नवरदेवाचे वडील गणपतराव यांनी वरातीसाठी चांदणीला सुपारी द्यायला फोन केला.

"त्या दिशी जमत न्हाई," शेषराव म्हणाले. "चांदणीची परीक्षा हाय."

"घोडीची परीक्षा? याड लागलं का तुला?" गणपतरावांनी फोन ठेवला आणि नवरदेवासाठी जीप सजवायला सांगितली.

*

स्पर्धेत या खेपेला शेषराव शेवटचा टप्पा इतक्या सावकाश आले की बैलगाडीनं मागं टाकावं. ठोके पहिल्याच तपासणीत उतरले. राहिली चालीची परीक्षा. घोडी दोरीला धरून सरळ रेषेत दुडक्या चालीनं न्यायची आणि ती लंगडत नाही ना, हे डॉक्टर बघणार.

शेषरावांनी दोरी धरली आणि रस्त्यापलीकडं बँड सुरू झाला!

चांदणीनं कान टवकारले. एक पाऊल आडवं, दोन मागं, मग पुढचा पाय हवेत. बाहेरून आलेले तीन डॉक्टर बघतच राहिले. एक म्हणाले, पुढचा डावा पाय दुखतोय. दुसरे म्हणाले, मागचा उजवा. तिसरे म्हणाले, "चारही!"

"सर, ती लंगडत नाही, नाचतीय!" शिंदे मॅडम ओरडल्या. पुन्हा एकदा चालवून दाखवायची परवानगी मिळाली. पण बँड वाजतोय तोवर काही खरं नव्हतं.

शेषराव धावत रस्ता ओलांडून वरातीत घुसले. मी मागोमाग. समोर गणपतरावच! शेषरावांनी हात जोडले. "पाव्हणं, जरा बँड थांबवा. माझी घोडी फेल होऊन राहिली."

गणपतरावांनी त्यांच्याकडं पाहिलं, रस्त्यापलीकडच्या चांदणीकडं पाहिलं आणि हात वर केला. बँड थांबला. सगळं वऱ्हाड कुंपणाशी येऊन चिडीचूप उभं राहिलं.

चांदणी सरळ गेली, सरळ परत आली.

"पास!"

शेषराव तिच्या गळ्यात पडून रडले. गणपतराव म्हणाले, "आता तरी आण की तिला वरातीत!"

शिंदे मॅडम आडव्या आल्या. "आज तिच्या पाठीवर कुणीही बसायचं नाही. दमलीय ती. पाणी पिऊ द्या, मग नुसती हळूहळू चालवा."

वरात निघाली. पुढं हार घातलेली चांदणी, पाठ रिकामी. जीप मागं राहिली आणि नवरदेव बाशिंग सावरत घोडीच्या बाजूनं चालत होता. रस्त्याकडेच्या एका म्हातारीनं विचारलं, "अगं बाई, नवरदेव पायी काहून?"

गणपतराव छाती काढून म्हणाले, "मावशे, इंटरनॅशनल नियम हाय!"