आंदोलनाचा विषय

भिंगारला सकाळी फिरून आलो की आम्ही चार-पाच रिटायर्ड मंडळी चहाला थांबतो. कुणी मिलिटरीच्या स्टोअरमधून निवृत्त, कुणी एसटीतून. त्यांचे किस्से कधीतरी संपतात. माझे संपत नाहीत, कारण मी वीसेक वर्षं एका आमदारांचा पीए होतो. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पोटातून दुसरा निघतो. मंडळी म्हणाली, "गुरुजी, चहा गार होतो. त्यापेक्षा लिहून काढा."

म्हणून लिहितोय. आमदारांचं नाव सांगणार नाही, तालुक्याचंही नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेला कुठंही बसवा, बसेल. मी मूळचा प्राथमिक शिक्षक. मसुदा बरा लिहितो म्हणून साहेबांनी मला शाळेतून उचलून ऑफिसात आणलं. पगार शाळेचा, काम साहेबांचं. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी लांब उभा राहून बघत होतो. खाली जे जे पत्र, जो जो अर्ज येईल, तो बहुतेक मीच लिहिलेला आहे.

* * *

साहेबांचे एक भाऊ होते, नाना. साहेबांचा उजवा हात. हा हात वर्षातून दोनदा तरी कुणाच्या तरी तोंडावर पडायचा.

एकदा पोलिस ठाण्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. साहेब माईकवर म्हणाले, "कायद्यापुढं सगळे सारखे. उद्या माझ्या सख्ख्या भावानं गुन्हा केला, तरी हा माणूस पोलिसांना फोन करणार नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत नाना बसले होते, तेही टाळ्या वाजवत होते.

त्याच आठवड्यात नाना काष्टीच्या बाजारात गाय घ्यायला गेले. किमतीवरून वाजलं आणि नानांनी व्यापाऱ्याच्या डोक्यात काठी घातली. दुपारी पोलिसांनी त्यांना बसवून ठेवलं. साहेब मला म्हणाले, "लाव रं फोन."

मी धीर करून म्हणालो, "साहेब, परवा भाषणात आपण सख्ख्या भावाबद्दल बोललो होतो."

"मग? नाना चुलत हाय."

मी फोन लावला.

* * *

या वेळी मात्र पेपरात आलं. व्यापाऱ्याच्या डोक्याला टाके, फोटोसकट. साहेबांनी नानांना पक्षातून सहा वर्षांसाठी काढायचं ठरवलं. "कडक लिवा," म्हणाले. मी कडक लिहिलं. 'पक्षाच्या प्रतिमेस काळिमा' वगैरे सगळं घातलं. साहेबांनी वाचलं, सही केली आणि म्हणाले, "आता त्याच्याखाली दुसरं बी करून ठिवा. हकालपट्टी मागं घेतल्याचं. तारीख मोकळी सोडा."

"कारण काय लिहू?"

"पश्चात्ताप लिवा."

"नानांना पश्चात्ताप झालाय?"

"हुईल की. सहा वर्षं हायती."

तिसऱ्या आठवड्यात जिल्हा परिषदेची तिकिटं वाटायची वेळ आली. मी मोकळ्या जागेत तारीख भरली. परतीच्या कार्यक्रमात नानांना शाल घातली तेव्हा एका पत्रकारानं विचारलं, "नाना, कशाबद्दल पश्चात्ताप झाला?" नाना माझ्याकडं बघून म्हणाले, "गुरुजी, कशाबद्दल लिवलंय आपुन?"

* * *

पुढं सरकारनं ठरवलं की जनतेच्या प्रश्नांसाठी आंदोलन करताना लोकांवर जे गुन्हे दाखल झालेत, ते मागं घ्यायचे. हेतू चांगला असावा. अर्ज आला. त्यात एक रकाना होता: आंदोलनाचा विषय.

नानांच्या नावावर तेव्हा तीन केसेस. साहेबांनी फायली माझ्यापुढं टाकल्या आणि म्हणाले, "विषय तुमी घाला. तुमी मास्तर हाय."

पहिली केस हॉटेलची. मटणाच्या ताटाचे दर वाढले म्हणून नानांनी काउंटरची काच फोडली होती. मी लिहिलं, 'महागाईविरोधी आंदोलन'. दुसरी पेट्रोल पंपावरची. रांग मोडून गाडी घातली आणि हटकलं म्हणून कामगाराला मारलं. 'इंधन दरवाढीचा निषेध'. तिसरी काष्टीची. 'पशुपालकांना रास्त दर मिळावा, यासाठी आंदोलन'. लिहिताना लाज वाटली वगैरे काही नाही. उलट तिसऱ्यावर मी जरा खूशच होतो, हे कबूल करतो.

सहीला नाना आले. सगळं सावकाश वाचलं. मग कागद खाली ठेवून गंभीर आवाजात म्हणाले, "गुरुजी, लोकांसाठी मी येवढं केलंय, मला म्हाईतच न्हवतं."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण पुढच्या वाढदिवसाला चौकात बोर्ड लागला, त्यावर नानांच्या फोटोखाली छापलं होतं: झुंजार आंदोलक.

* * *

त्याच सुमाराला तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावातल्या बायका तोच अर्ज घेऊन आल्या. उन्हाळ्यात टँकर येईना म्हणून त्या रिकामे हंडे घेऊन हायवेवर बसल्या होत्या. कुणाला बोट लावलं नव्हतं. तरी गुन्हा दाखल झाला आणि तारखा सुरू झाल्या. त्यांच्यातली बोलणारी होती कासाबाई. तिनं रकाना स्वतः भरून आणला होता. एकच शब्द: पाणी.

साहेबांनी अर्ज बघितला. "कुनाच्या विरोधात बसला हुता?"

कासाबाईनं खरं सांगितलं. "तुमच्याच की, साहेब. टँकर तुमीच अडवला हुता."

"मंग हे जनतेचं न्हाई. हे वैयक्तिक हाय," असं म्हणून साहेबांनी अर्ज माझ्याकडं सरकवला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

दिवाळीनंतर त्या बायका ऊसतोडीला गेल्या. तारखेला कुणी हजर नाही, म्हणून कोर्टानं वॉरंट काढलं. कासाबाईला ते गावाकडून कळलं. तिनं उसाच्या फडातून मला फोन केला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. म्हणाली, "गुरुजी, खरं सांगा. आमी बी हाटेल फोडाया पायजे हुतं का?"

मी म्हणालो, रेंज नाही. रेंज होती.

* * *

नाना तिन्ही केसेसमधून सुटले. मिरवणूक निघाली. डीजे लावला आणि तो नेमका शाळेसमोर उभा केला. आत दहावीचा पेपर चालू. हेडमास्तर बाहेर आले तर त्यांना ढकलून दिलं. शेवटी फौजदारांना गुन्हा नोंदवावाच लागला.

संध्याकाळी फौजदार स्वतः ऑफिसात आले. कपाळाला हात लावून बसले. मी सवयीनं वही ओढली आणि विचारलं, "विषय काय घालू?"

फौजदार म्हणाले, "शिक्षण घाला."

* * *

आता शेवटचा. हा मी चहावर अजून कुणाला सांगितलेला नाही.

आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रत्नमाला सिस्टर होत्या. जुन्या ख्रिस्ती घरातल्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. बाई बारीक, पन्नाशीच्या, आवाज कधी चढत नसे. नानांच्या अल्सेशियन कुत्र्याला गल्लीतलं कुत्रं चावलं, तेव्हा नाना कुत्रा घेऊन तिथं गेले आणि रेबीजची लस मागितली. लस थोडीच होती. बाकावर एक म्हातारी पाय बांधून बसलेली, तिलाही कुत्रं चावलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "ही माणसांची आहे, नाना. जनावरांचा दवाखाना चौकात आहे." नानांनी सगळ्यांसमोर त्यांच्या थोबाडीत मारली.

सिस्टरनी आधी म्हातारीला इंजेक्शन दिलं आणि मग पोलिस ठाण्यात गेल्या.

यथावकाश अर्ज माझ्या टेबलावर आला. नियमात स्पष्ट लिहिलं होतं, सरकारी नोकरावर हात उगारला असेल तर गुन्हा मागं घेता येणार नाही. मी साहेबांना ती ओळ दाखवली.

"हात उगारला न्हाई. हातवारे केले," साहेब म्हणाले. "बोलताना करतो की आपुन."

मी लिहिलं, 'ग्रामीण आरोग्य सुविधांसाठी आंदोलन'.

साहेबांनी सिस्टरना ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. गोड आवाजात म्हणाले, "सिस्टर, क्षमा तर तुमच्या धर्मातच हाय. मोठ्या मनानं हरकत नसल्याचं लिहून द्या. आमी त्याला माफ केलंय."

सिस्टरनी चहा बाजूला ठेवला. "क्षमा मी त्याच रविवारी केली, साहेब. ती माझ्याकडची होती. पण थोबाडीत मला बसली. तुमच्याकडं माफ करायला काय आहे?"

साहेबांनी मला खूण केली. मी अर्ज त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून रकाना वाचला. "हे तुम्ही लिहिलंत, गुरुजी?"

मी हो म्हणालो.

"शाळेत निबंध तुम्हीच शिकवायचात ना?" एवढंच म्हणाल्या आणि सही न करता गेल्या. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर मी पित्त झालंय म्हणालो.

कोर्टात साहेबांनी मलाच पाठवलं होतं. मी मागच्या बाकावर बसलो. सरकारी वकिलांनी केस मागं घ्यायचा अर्ज दिला. न्यायाधीश बाई होत्या, वयानं लहान. त्यांनी रकाना दोनदा वाचला.

"आंदोलनात किती लोक होते?"

"एक, मॅडम."

"घोषणा वगैरे?"

"तशी नोंद नाही."

"मागणी काय होती?"

"रेबीजची लस मिळावी."

"कुणाला?"

वकिलांना उत्तर पाठ होतं, तरी त्यांनी कागद खालीवर केले. "कुत्र्याला, मॅडम."

अर्ज फेटाळला गेला, केस पुढं चालू राहिली. सिस्टरनी छत्री उचलली आणि ड्यूटीवर गेल्या. मी बाहेर आलो तेव्हा त्या एसटीची वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावं असं वाटलं. नाही गेलो. साहेबांना फोन लावायचा होता.

महिन्याभरात सिस्टरची बदली झाली, तालुक्याच्या पार टोकाच्या उपकेंद्रात. दोन एसटी बदलून जायचं. आणि आमच्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर नानांची नेमणूक झाली. त्या नेमणुकीचं शिफारसपत्र माझंच.

साहेबांच्या वाढदिवसाला दरवर्षी आरोग्य शिबिर असायचं. त्या वर्षी कुणीतरी नेमकं ते टोकाचं उपकेंद्र निवडलं. सिस्टर तिथं आहेत हे माझ्या लक्षात होतं, पण मी बोललो नाही. मांडव घातला, फोटोवाले आले, गावातली माणसं सतरंजीवर बसली. साहेबांची तपासणी पहिली करायची, म्हणजे फोटो निघतो. साहेब खुर्चीवर बसले आणि समोर रत्नमाला सिस्टर.

साहेब क्षणभर अडखळले. मग हसले. सिस्टरनी त्यांची बाही वर केली, बीपीचा पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला. कॅमेरे पुढं सरकले. साहेबांनी गर्दीकडं मान वळवली आणि खड्या आवाजात सुरू केलं, "मंडळी, या सिस्टर आम्हाला बहिणीसारख्या आहेत. आमच्या मनात कुणाबद्दल काही नसतं. सगळ्यांना समान न्याय, हेच आमचं—"

सिस्टरनी पट्ट्यातली हवा सोडून दिली.

"बोलू नका, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात की आकडा खोटा येतो."