एका माणसापुरती खोली

आमच्या भागात माणूस खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, आपण होऊन सोडत नाही. त्याला तो सोडायला लावावा लागतो, डॉक्टरने नाहीतर देवाने. म्हणून यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, एका सकाळी खर्ऱ्याची पन्नी, ती प्लास्टिकची पुडी, खिशातून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेव्हा मी तव्यावरची पोळी तशीच सोडून बाहेर आले. लग्न झाल्यापासून मी त्या पन्नीशी भांडत होते. सासरे गेले, पोरगी शिकून पुण्याला नोकरीला लागली, पण पन्नी खिशातून हलली नव्हती. आणि आता मी एक शब्द न बोलता ती गेली.

"काऊन जी? काय झालं?"

"काही नाई. उगाच पैसा जाते," म्हणाले आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

माझा स्वभाव मुळातच संशयी. पहिली ते चौथीची पोरं सांभाळणाऱ्या बाईचा तो होतोच. वर्गात गलका असला तर काळजी नसते, वर्ग अचानक चूप झाला की समजावं, मागच्या बाकावर काहीतरी शिजतंय. आमचं घर त्या वर्षी तसं चूप झालं होतं.

त्यात माझ्याही मनात एक गोष्ट होती, कोणाला न सांगितलेली. मला शाळा सोडायची होती. पोरांचा कंटाळा आला होता असं नाही. पण हिंगणघाटहून अल्लीपूरकडे रोज स्कूटीने जायचं, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि शाळेत पोचल्यावर शिकवण्यापेक्षा मोबाईलवर माहिती भरणंच जास्त. रात्री पाय शेकताना वाटायचं, पुरे झालं आता. वीस वर्षांच्या वर नोकरी झाली होती, अर्ज दिला तर पेन्शन मिळत होती. पण पेन्शन पगारापेक्षा कमी, आणि हे सूतगिरणीत स्टोअर सांभाळणारे, खाजगीतले. तेवढ्यात घर कसं चालायचं, या प्रश्नाशी माझी गाडी रोज अडायची. त्यामुळे यांच्यावरचा माझा प्रत्येक संशय फिरून एकाच ठिकाणी यायचा. हे आजारी असले किंवा कशात बुडाले असले, तर मला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत सुटका नाही.

संशयाला खाद्य कमी नव्हतं. खर्ऱ्यामागोमाग रविवारचं मटण महिन्यातून एकदाच यायला लागलं. गिझर बंद झाला, चुलीवर घंगाळात पाणी तापायला लागलं. स्वतःची मोटरसायकल सर्व्हिसिंगला नेतो म्हणून नेली आणि विकूनच आले. तिच्या जागी सायकल आली, तीही जुनी. पोरीने दिवाळीला पाठवलेला शर्ट घडीतच ठेवून हे कॉलर फाटलेला घालून गिरणीत जात होते. आणि संध्याकाळी कानात इअरफोन घालून गच्चीवर. काय ऐकता म्हटलं तर, "असंच."

मी एकेक शक्यता तपासून बघितली. दुसरी बाई? दुसरी बाई असती तर माणूस नवे शर्ट घालतो, आहे ते कपाटात ठेवत नाही. सट्टा? सट्टेवाल्याला जेवण गोड लागत नाही, हे तर भाजी-भाकर दोनदा मागून घेत होते. मग उरलं ते एकच, ज्याचं नावसुद्धा तोंडातून निघत नव्हतं. खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडाला काय होतं ते आमच्या गल्लीने दोन घरांत बघितलं होतं. दोन्ही घरांत माणसाने आधी खर्रा सोडला होता आणि मग बायकोला सांगितलं होतं.

आमच्या शाळेत एकदा आरोग्य शिबिर झालं होतं. त्या डॉक्टरने गावातल्या माणसांना स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावली होती. बोटं शिरली नाहीत तर जबडा आखडला समजायचं. एका सकाळी चहा देताना मी यांच्यासमोर उभी राहिले.

"आ करा."

"काऊन?"

"करा म्हणते न."

यांनी घाबरून आ केला आणि मी माझी तीन बोटं उभी आत घातली. सहज गेली, वर जागा उरली. टॉर्च मारून गालाची आतली बाजू बघितली, जीभ उचलायला लावली. सगळं जागच्या जागी होतं.

"याड लागलं का तुले?" तोंड पुसत हे म्हणाले.

मला रडायला आलं होतं, पण त्यांना दाखवलं नाही. आत जाऊन कणीक मळत बसले. मनातला दगड खाली उतरला खरा, पण अर्धाच. तोंड ठीक म्हणजे बाकी सगळं ठीक असं थोडंच आहे.

मग एक दिवस शेजारीण आली. विरजण मागायला आली होती, पण वाटी हातात घेऊनही दारातून हलेना.

"ताई, भाऊजीची तब्येत बरी आहे न?"

"बरी आहे. काऊन वं?"

"नाई, सायकलवर दिसतेत. अन् आमचे हे म्हणत होते, रविवारी समुद्रपूरच्या स्टँडवर दिसले म्हणे, गिरडच्या बसमधी. म्या म्हटलं नवस-बिवस असन काई."

रविवारी हे गिरणीत होते. स्टोअरची मोजणी आहे म्हणून सांगून गेले होते, डबाही नेला होता. मी शेजारणीला हसून म्हटलं, हो, जाऊन आले, देवाचंच. खोटं बोलताना माझी जीभ अडली नाही, त्याचंच मला नवल वाटलं. नवऱ्याचं खोटं झाकायला बायको किती तयार असते! ती गेल्यावर मात्र मी दाराची कडी लावून तिथंच बसले. गिरडच्या टेकडीवर, बाबांच्या दर्ग्यावर, आमच्याकडची सगळ्या जातीधर्मांची माणसं जातात. पण बायकोला चोरून जाणारा माणूस काही सुखासुखी जात नाही. खर्रा सोडलेला, मटण कमी केलेलं, आता नवस. याचा अर्थ माझ्या वर्गातल्या पोरांनाही समजला असता. मी तर निकालच लावून टाकला होता की यांना मोठा आजार आहे आणि तो तोंडात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

पुढच्या रविवारी हे पुन्हा मोजणीला निघाले. मी डबा भरून दिला, दारात उभी राहून "सांजच्याले लवकर येजा" म्हटलं, आणि अर्ध्या तासाने गिरडची पुढची बस पकडली. मागे-मागे जायला मी काही पोलीस नाही. गिरड केवढंसं, माणूस सापडणारच. बसमध्ये जाम गावच्या चौरस्त्यापर्यंत मी यांच्यावर चिडलेली होते. तिथून पुढे मला यांची दया येत होती. समुद्रपूर गेलं तेव्हा मी मनात ठरवूनही टाकलं होतं की शाळा सोडायचं डोक्यातून काढायचं, दवाखान्याला पैसा लागेल, पगार चालूच राहिला पाहिजे.

टेकडीच्या पायथ्याला नारळ-फुलांची दुकानं आहेत, तिथपासून पायऱ्यांपर्यंत बघत गेले. हे नव्हते. वर चढायला गुडघे तयार नव्हते. एका दुकानदाराला विचारलं, चष्मेवाले, सायकलची क्लिप पँटला लावलेले एक जण दिसले का. क्लिपमुळे ओळख पटली. बसने आलेल्या माणसाच्या पायाला सायकलची क्लिप, ती काढायची राहिली असणार.

"थे सूतगिरणीवाले साहेब? थे काय, मागच्या अंगाले, प्लाटवर."

दुकानांच्या मागे एक रिकामं वावर होतं, त्यात चुना टाकून आखलेले प्लॉट. त्यांतल्या एकावर हे उभे होते, टेपचं एक टोक धरून. दुसरं टोक एका गावकऱ्याच्या हातात. हे हसत होते. यांना असं मनापासून हसताना मी कधी बघितलं होतं, मला आठवेना. मला बघितलं आणि टेप यांच्या हातातून सुटला.

तो गावकरी बिचारा अगत्याचा. त्यालाच काही माहीत नव्हतं.

"या न मॅडम! तुम्ही कायले तकलीफ घेतली? साहेब म्हणत होते का तुम्ही शनवार-रविवारच येसान म्हणून. एका माणसापुरतीच खोली काढून राह्यलो आम्ही. इथी खाट, इथी चूल. समोर भाजीपाला, दोन बकऱ्या. साहेबाले अजून काय लागते?"

मी खाली बघितलं. चुन्याने खाटेची जागा खरंच आखलेली होती. एकाच खाटेची.

"आजारी नाई न तुम्ही?" मी यांना विचारलं.

"आजारी? मी?"

देवाशपथ सांगते, आधी इतकं हायसं वाटलं की मी त्या चुन्याच्या रेघेवरच बसले. मग राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

गावकरी पाणी आणायला गेला आणि हे भराभर बोलायला लागले, चोरी पकडलेल्या पोरासारखे. पन्नाशी झाली होती. गिरणीतला धुरळा, मालकाची बोलणी, सगळ्याला कंटाळले होते. फोनवर कोणाचे तरी व्हिडिओ ऐकले होते, नोकरीतून लवकर मोकळं कसं व्हावं याचे. हात आखडून राहायचं, अंथरूण पाहून पाय पसरायचे, गरजा कमी करायच्या. वर्षभर करून बघितलं, जमलं, वाचलेल्या पैशातून हा प्लॉट घेतला. दोन वर्षांनी गिरणी सोडायची आणि इथं यायचं.

"अन् खर्च?"

"मले काय लागते एकट्याले? भाजी इथचीच. तिकडचं घर तुह्या पगारात चालते. पुढं तुही पेन्शन आहेच. जुनी योजना आहे तुही, घाबराचं काम नाई."

म्हणजे पेन्शन माझी, आणि तिच्यावर खाट यांची.

"अन् मी कवा सोडाची?"

"काय?"

"नोकरी."

हे चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघायला लागले. नाटक नव्हतं ते, तेवढं मला ओळखता येतं. त्यांना खरोखर प्रश्नच समजला नव्हता.

"तुले तं शाळा आवडते न?"

"कोण सांगतलं?"

"रोज तं जातेस," हे म्हणाले.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी खाल्लं नाही, यांनीही खाल्लं नाही. हा माणूस वाईट नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याने माझ्यावर इतका भरवसा टाकला होता की मी दमू शकते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर मी भांडले नाही. आठ-पंधरा दिवस हे माझ्याकडे चोरून बघत होते, मी कधी फुटते म्हणून. मी घरखर्चाकडे बघत होते. मोटरसायकलचा हप्ता नाही, तिचं पेट्रोल नाही, मटण महिन्याचं एकदाच, विजेचं बिल निम्म्यावर. घर इतक्या कमी पैशात चालतं हे मला कधी खरं वाटलं नसतं, पण यांनीच वर्षभर ते करून दाखवलं होतं. एका पगारात आणि माझ्या पेन्शनीत ते आरामात चालणार होतं. फक्त पगार यांचा लागणार होता.

मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला, तीन महिन्यांची नोटीस दिली, पोच घेतली आणि मग घरी येऊन चहाच्या वेळी सांगितलं.

हे कपाकडे बघत होते. "आधी इचारलं तं पाह्यजे होतं," एवढंच म्हणाले.

"हो, पाह्यजे होतं," मी म्हटलं.

वाटलं होतं चिडतील, पोरीला फोन लावतील. तसं काही झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी म्हणाले, प्लॉट राहू दे, त्यात तूर टाकाले सांगतो. एवढ्या सहज मानलं म्हणून मला पुन्हा संशय. महिनाभर मी यांचा फोन, यांचे खिसे, यांचा चेहरा तपासत होते. काही सापडलं नाही. मानलं होतं, बस्स.

नोटीस संपली. पोरांनी कागदाच्या फुलांचा हार घातला, मी रडले, घरी आले. नंतरच्या सोमवारी मला सवयीने पहाटेच जाग आली, तरी पडून राहिले. स्वयंपाकघरात दिवा लागला. हे स्वतः पोळी लाटत होते, लाटणं पोळपाटावर वेडंवाकडं आपटत होतं. डब्याचं झाकण लागेना, दोन-तीनदा खटखट झाली. मध्येच हात थांबले आणि यांनी मोठा श्वास सोडला, दमलेल्या माणसाचा, आणि तो मला भिंतीपलीकडून ऐकू आला. या माणसाला खरंच थांबायचं होतं. मला फार वाईट वाटलं. सरा, मी देते करून, हे शब्द ओठांपर्यंत आले.

पण मी उठले नाही.