चिंचेत बुडवलेला मुरलीधर

माझ्या माहेरचे देव सगळे पितळेचे. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी ते चिंचेनं घासायचे, एवढंच मला ठाऊक. लग्नानंतरची पहिली अष्टमी सासरी, पिंपळगाव राजाला आली. पितळी देवांबरोबर मी सासऱ्यांनी खामगावहून आणलेला पांढरा मुरलीधरही चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला. हौस दांडगी ना! वर काढला, तर त्याचे गुळगुळीत गाल निस्तेज आणि खरखरीत झालेले.

सासूबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते. रोज सकाळी त्या देवाला स्वतः अंघोळ घालायच्या आणि गालांवरून बोटं फिरवायच्या. उद्या त्यांना कळणार, आणि देव बिघडवणारी सून म्हणून मी जन्मभर ओळखली जाणार.

दुपारी पाट्याला टाकी लावणारा पाथरवट दारी आला. सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून मी पदराखालून देव काढला. त्यानं माझ्याकडून लिंबू मागून घेतलं आणि त्याचा एक थेंब आमच्या काळ्या पाट्यावर टाकला; काहीच झालं नाही. दुसरा मूर्तीच्या तळाशी टाकला, तिथं बारीक फेस आला.

"हा संगमरवर हाय, बाई. मुळात चुन्याचाच दगड. जमिनीच्या पोटात तापून, दबून असा झाला. त्याले आंबट चालत नाही."

"पह्यल्यावानी होईन का?"

"घासून चकाकी येईन, पण नाक-डोये झिजतीन."

पुढे लेकीच्या शाळेत मध्यप्रांत-वऱ्हाडाचा भूगोल आला, तेव्हा जबलपूरच्या संगमरवराबद्दल मी हेच वाचलं. पण त्या दिवशी ते शहाणपण काय चाटायचं होतं? पावसाळी हवेनं झालं असेल, अशी थाप मी तयार ठेवली.

सकाळी सासूबाईंची बोटं देवाच्या गालावर थांबली. पुन्हा फिरली. मग त्या स्वतःचीच बोटं एकमेकांवर चोळू लागल्या.

"देव काऊन खरखरीत लागून राह्यला वं?" त्या म्हणाल्या. "डोये गेले, आता बोटंबी चालली माही."

आता थापही लागणार नव्हती. नुसती गप्प बसले असते, तरी मी सुटले असते. तेच मला सहन होईना.

"बोटं चांगली हायेत तुमची, आत्याबाई," मी रडतच म्हटलं. "म्या चिंच लावली देवाले."

त्यांनी देवाचा गाल परत चाचपला.

"म्हंजे खरंच खरखरीत हाय?"

"हाव."

त्यांनी सुटकेचा केवढा तरी सुस्कारा सोडला. मला रागवायचं त्या विसरूनच गेल्या.