बटाटा गेला, मग मावरं का नाही खाल्लं?

नोराबाई थांबेचनात. मी स्टेजवर त्यांच्या शेजारी माईक धरून उभी, आणि त्या बोलतच सुटलेल्या.

मी दुभाषी आहे. पाहुणा इंग्लिशमध्ये दोन-तीन वाक्यं बोलतो, थांबतो, मी ती मराठीत सांगते. यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'थांबतो'. नोराबाई आयर्लंडच्या. तिथल्या मोठ्या दुष्काळावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलंय. स्टेजमागे चहा पिताना मला म्हणाल्या होत्या, "दर दोन वाक्यांनी थांबेन." पण इतिहास सुरू झाला आणि बाई ते विसरल्या.

त्यात उच्चार. त्यांच्या तोंडी 'थ्री'चं 'ट्री' होतं. त्यामुळे पहिल्याच फेरीत मी गंभीरपणे सांगितलं, "तिकडे झाडांना फार वाईट वर्षं आली." त्या म्हणाल्या होत्या, तीन वाईट वर्षं. बटाट्यावर करपा पडला, पानं काळी झाली, जमिनीतला बटाटा सडला. आणि गरीब माणूस तर नुसत्या बटाट्यावर जगत होता. मी माईकवर म्हटलं, "झाडं कॅन्सल. तीन वर्षं." हॉल हसला.

हॉल भरलेला होता, पण आयर्लंडसाठी नाही. पुस्तक महोत्सवात आमच्यानंतर मासळीच्या पाककृतींचा कार्यक्रम होता, वर चाखायलाही मिळणार होतं. भाईंदर पश्चिमेतल्या बायका जागा धरायला आधीच येऊन बसल्या होत्या. आयर्लंड त्यांना वाटेत लागलं.

तरी ऐकत होत्या. माणसं उपाशी मरत असताना बंदरातून धान्याची जहाजं पहाऱ्यात बाहेर जात होती, हे मी सांगितलं तेव्हा पिशव्यांचा आवाजसुद्धा थांबला.

मग प्रश्नांची वेळ. दुसऱ्या रांगेतल्या हिराबाई उठल्या. कोळीण, आवाज मासळी बाजारात कमावलेला.

"ओ ताई, हिच्या देशाला चारी बाजूनी दर्या हाय ना? बटाटा गेला तं गेला. मावरं का न्हाय खाल्लं?"

हॉल हशानं फुटला. आयोजक जिग्नेशभाई वाकून स्टेजपाशी आले.

"मॅडम, हे नका विचारू. त्यांची माणसं मेली. गेस्टला खराब वाटेल."

"मग?"

"विचारा ना, भाईंदर कसा वाटला."

"त्यांनी ते विचारलं नाही."

"गेस्टला कुठे मराठी येते!"

"मला येते."

"उद्याचे दोन सेशन पण तुमचेच आहेत हं, मॅडम," जिग्नेशभाई अगदी गोड आवाजात म्हणाले.

म्हणजे ऐकलं नाही तर ती जातील. खरं सांगायचं तर मलाही तो प्रश्न टोचला होता. पण आमच्या कामात जे बोललं गेलं तेच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, नको ते गाळायचं नाही. आणि नोराबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. एवढा हॉल हसतोय म्हणजे काहीतरी चांगलं असणार, असा त्यांचा चेहरा. मी प्रश्न जसाच्या तसा सांगितला: बटाटा गेला, तर मासे का नाही खाल्ले?

त्यांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढला.

"यांच्या घरी बोट आहे?"

"हाय की. सासऱ्याची व्हती, आता पोरगा चालवतो," हिराबाई म्हणाल्या.

नोराबाई स्टेज उतरून पायरीवर बसल्या. मीही बसले. "हा प्रश्न मला सगळीकडे विचारतात," त्या म्हणाल्या, "पण विचारणाऱ्याकडे बोट कधीच नसते." आणि आता त्या दर वाक्याला थांबायला लागल्या. तिथल्या गरिबांच्या होड्या हलक्या, लाकडी सांगाड्यावर कातडं ताणलेल्या. मासळी लांब, खोल पाण्यात. वादळात त्या होड्या तिथवर जायच्या नाहीत. आणि भुकेल्या कोळ्यांनी पिठासाठी जाळी आधीच गहाण टाकलेली.

"जाली गेली?" हिराबाई खाली बसल्या. "मंग संपलंच की."

"जे हाती लागे ते टिकवायला पुरेसं मीठही नव्हतं," नोराबाई म्हणाल्या.

हे ऐकून मागून मोरवा गावचे पाटीलकाका उठले. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मिठागरं. "मीठ न्हाय? दर्याकाठी?"

मी विचारलं. नोराबाई म्हणाल्या, "समुद्र आहे. ऊन नाही."

काकांनी थोडा विचार केला. "मग त्या दर्याचा उपेग काय?"

हे मी इंग्लिशमध्ये सांगितल्यावर नोराबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हिराबाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

पुढे मला श्वास घ्यायला मिळाला नाही. जाळी कसली विणायचे, बायका बाजारात बसायच्या का, सावकार कोण होता. पाककृतीवाल्या बाई दारात ताटकळल्या, मग आत येऊन त्याही प्रश्न विचारू लागल्या. त्यांचं सेशन उरकावंच लागलं, आणि तळलेल्या मांदेल्या सगळ्यांनी गार खाल्ल्या. नोराबाईंना काटे काढून द्यायला हिराबाई शेजारी बसल्या. तिथे मात्र त्यांना माझी गरज लागली नाही.

आभार मानताना जिग्नेशभाई माईकवर म्हणाले, "आपले प्रेक्षक किती अभ्यासू प्रश्न विचारतात, बघा!" उद्याची दोन्ही सेशन माझ्याकडेच राहिली.

तेव्हापासून नव्या दुभाष्यांना मी एवढंच सांगते. प्रश्न शहाणा की येडा, हे तुम्ही ठरवू नका. उत्तर येईपर्यंत ते कोणालाच माहीत नसतं.