तुळशीच्या लग्नाची फुलं

हसणार नसाल तर सांगते. पण हसालच तुम्ही! मिरजगावात अजून हसतात.

कार्तिकात माझ्या बागेतली शेवंती अशी फुलते की पानं दिसत नाहीत. नगरला भामाबाई आमच्या शेजारी राहायच्या, तेव्हापासून त्यांना तिचं भारी कौतुक. पुढे त्या आपल्या गावी, मिरजगावला परतल्या. गेल्या वर्षी त्यांचा फोन.

"मॅडम, परवा आमच्या तुळशीचं लग्न हाय. फुलांचं समदं तुमच्याकडं बरं का!"

आता तुम्हीच सांगा, कार्तिकात तुळशीचं लग्न म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येईल? वृंदावनच ना?

"नवरदेव बाळकृष्णच ना?" मी आपलं गमतीनं विचारलं.

"अगं बया! तुमाला कुनी सांगितलं?"

दोघी खूप हसलो. मी माझ्या विनोदावर, त्या कशावर कोण जाणे!

मग मी नुसती फुलांत बुडाले. स्टुलावर मावेल एवढा उसाचा मांडव, त्याला झेंडूची तोरणं. पिवळ्याधमक शेवंतीचे वीतभर हार. आणि अबोलीच्या मुंडावळ्या, बोटभर! आमचे हे म्हणाले, "बाहुलीचं लग्न वाटतंय." मी खूश!

मिरजगावला पोचलो तर दारात हा भलामोठा मांडव! बँड, टेम्पोभर खुर्च्या, फेटे बांधलेली माणसं. मी यांना म्हटलं, "बघा, गावाकडं अजून किती श्रद्धा आहे!"

तेवढ्यात भामाबाई धावत आल्या. "लई उशीर केला! हार कुठंयत? नवरदेव पाटावर हुबा हाय!"

उभा?

मी मान उंच करून पाहिलं. अंतरपाटाच्या अलीकडे सहा फुटी, मिशीवाला बाळकृष्ण! पलीकडे शालू नेसलेली भामाबाईंची लेक, पिंकी.

"भामाबाई... तुळशी कोण?"

"आवं, पिंकीच की! खरं नाव तुळशी हाय तिचं. घाईत ठरलं, पत्रिका बी न्हाई छापल्या."

मी हातातली फुलांची टोपली पदराआड सारली. भामाबाईंनी टोपलीत डोकावून पाहिलं. "ह्यो नमुना व्हय? बाकीचं गाडीत हाय?"

गाडीत काय, माझं कपाळ! भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि मी माझा उसाचा मांडव मोडला, तोरणं सोडली, हाराला हार बांधत सुटले. अक्षता पडल्या. नवरीला हार जेमतेम बसला. नवरदेवाचा फेट्यावरून उतरेचना, कानांवरच अडकला! फोटोही तसाच निघाला.

इथं तरी गप्प बसावं ना मी? पण लाज झाकायला घाईघाईनं आहेराचं ताट पुढे केलं. वरचा रुमाल पिंकीच्या सासूबाईंनी उचलला. खाली खण, बोरं, आवळे आणि चिंचा. तुळशीला वाहायला नेलेल्या!

चिंचा! नव्या नवरीला! अहो, तिच्या केसांतल्या अक्षतासुद्धा झडल्या नव्हत्या!

बँड थांबला. सासूबाईंनी चिंचांकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे, मग माझ्याकडे.

"ह्ये काय, मॅडम?"

पिंकी रडवेली झाली. भामाबाई मटकन खाली बसल्या. आता लग्न मोडतंय, या धास्तीनं मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो, मला वाटलं नवरी कुंडीत असेल!"

मग सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, त्यांचे खांदे हलायला लागले, आणि अख्खा मांडव फुटला हसून.

निघताना त्यांनीच माझी ओटी भरली. "बारशाला नक्की या, मॅडम," त्या म्हणाल्या. "फकस्त फुलं आमची आमी आनू."