बंदूकवाल्यांना वाढलेलं जेवण

माझ्या मुलीला जिनं चार वर्षं सांभाळलं ती बाई कोलंबियाची. आम्ही तिला मावशीच म्हणायचो. तिच्या हातचा भात आणि काळा घेवडा असला की मुलगी माझ्या वरणाकडे ढुंकूनही बघायची नाही. मी शुगर लँडहून ह्यूस्टनच्या ऑफिसला जायचे ते घर तिच्यावर टाकून. दारात कुणीही येवो, गवत कापणारा असो की पार्सलवाला, ती त्याला काहीतरी खायला दिल्याशिवाय सोडायची नाही. त्यामुळेच ती मला आपल्यातली वाटायची.

एकदा घेवडा निवडता निवडता तिनं गावची हकीकत सांगितली. तिथे डोंगरातल्या बंदूकवाल्यांचं राज्य होतं. पोलीस तिकडे फिरकत नसत. दारं किती वाजता लावायची, कुणी कुणाकडे जायचं, सगळं तेच ठरवत. आठवड्यातून एकदा सात-आठ जण तिच्या अंगणात येत, बंदुका भिंतीला टेकवत आणि जेवून जात. एकदा तिच्या नवऱ्यानं सांगितलं, आज घरात काही नाही. दुसऱ्या दिवशी तो शेतावरून परत आलाच नाही. त्यानंतर तिनं देश सोडला.

इथे आश्रय मिळावा म्हणून तिनं अर्ज केला होता. केस कोर्टात आली तेव्हा तिच्या वकिलानं माझ्याकडे पत्र मागितलं. बाईच्या चांगुलपणाबद्दल लिहा, म्हणाला. माझा नवरा म्हणाला, "फॉर्मल नको करूस यार, मनापासून लिही."

मी मनापासून लिहिलं. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे ऐकतच मी वाढले. माणसाच्या चांगुलपणाचा याहून मोठा पुरावा मला ठाऊकच नव्हता. म्हणून लिहिलं, 'ही बाई इतक्या मोठ्या मनाची, की गावातल्या बंदूकवाल्यांनाही तिनं कधी उपाशी पाठवलं नाही.' ते वाक्य मला इतकं आवडलं की नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. वकील महाशयांनी पत्र न वाचताच कागदांना जोडलं.

सुनावणीला मी मागच्या बाकावर बसले होते. सरकारी वकिलानं नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं आणि तिला विचारलं, "तुम्ही त्यांना जेवायला घातलंत?"

"हो."

"किती वेळा?"

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "मोजलं नाही," ती म्हणाली.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हता, याचीच मला जास्त चीड येते. तो म्हणाला, "तुमच्यावर जबरदस्ती झाली हे मला पटतंय. पण दहशतवादी संघटनेला केलेली मदत ती मदतच, आणि अन्नही त्यात येतं. कायद्यानं माझे हात बांधलेत." अर्ज फेटाळला.

म्हणजे वाढलं तर इथे गुन्हा, नाही वाढलं तर तिथे नवरा गेला. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीत पडलेल्या बाईला बाहेर काढायचं सोडून हे वरून विचारतात, पाणी प्यायलीस का? ज्यांच्या अंगणात कधी बंदूक आली नाही अशा माणसांनी भरल्या पोटी लिहिलेला कायदा आहे हा. माझं पत्रही मी भरल्या पोटीच लिहिलं होतं. त्या सरकारी वकिलावर मी जितकी चिडले त्याहून जास्त स्वतःवर चिडले.

परतताना गाडीत मी तिला म्हणाले, "हे माझ्यामुळे झालं."

"तू खोटं कुठे लिहिलंस?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला. आई मावशीला कॉलवरून चांगली ओळखायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पातेली दाखवून गप्पा चालत.

"निकाल काय लागला गं तिचा?" आईनं विचारलं.

"परत पाठवणार म्हणतात. अपील करतोय."

"का? काय केलं तिनं?"

"दारी आलेल्यांना जेवायला घातलं."

आई पुढचं ऐकायला थांबली. मग म्हणाली, "अगं, ते कळलं. गुन्हा काय केला ते सांग ना."